‘ऑनरेरियम’ मागू नये म्हणे!

मावशीची उभी हयात भूमिती शिकवण्यात गेली. परवा तिला तीन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवायला बोलावणं आलं. पत्रात खाली मानधनाबद्दल एक ओळ होती: ‘योग्य ते ऑनरेरियम देण्यात येईल.’ तिने उत्तरात ‘म्हणजे किती?’ असं लिहिलं आणि मग पुसून टाकलं. कारण काय, तर सकाळीच फोनवर येऊन पडलेला एक फॉरवर्ड. तोच मलाही तीन ग्रुपांवरून आलाय.

फॉरवर्ड म्हणतो: ऑनरेरियम हा शब्द ‘ऑनर’वरून आला, म्हणून तो मोबदला नाही, सन्मान आहे. रोमन काळात विद्वानांना ते मागायला बंदी होती, म्हणून आजही आकडा विचारणं हा यजमानाचा अपमान. ऑनररी आणि ऑनरेरियम एकच. त्यावर कर लागत नाही. खरं ब्रिटिश स्पेलिंग ‘यू’ घालून. आणि शेवटी हात जोडलेले इमोजी.

स्पेलिंगचं आधी उरकतो. ‘ऑनर’मध्ये ब्रिटिश लोक ‘यू’ घालतात, ‘ऑनरेरियम’मध्ये तेही घालत नाहीत. कुठलाही शब्दकोश उघडा. ऑनररी म्हणजे मानद, ऑनरेरियम म्हणजे मानधन. मराठीतही एकात धन आहे आणि एकात नाही, एवढं तरी दिसायला हवं होतं! करापुरतं एवढंच, की पाकिटावर कुठला शब्द लिहिलाय त्यावरून माफी मिळत नाही. त्या त्या देशाचा कायदा काय म्हणतो ते बघावं लागतं.

व्युत्पत्ती मात्र बरोबर आहे, मान्य. पण मूळ लॅटिन वापर यांना सांगितला तर पंचाईत होईल. रोमन शहरांत नगरसभेवर निवड झालेला माणूस शहराच्या तिजोरीत जी रक्कम भरायचा, तिला ऑनरेरियम म्हणत. म्हणजे मान ज्याला मिळाला, पैसेही त्यानेच द्यायचे. फॉरवर्डवाल्यांनी हे वाचलं नाही ते बरं, नाहीतर मावशीकडेच पैसे मागितले असते.

आता ती रोमन बंदी. यातही अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा रोमन कायदेपंडित उल्पियन म्हणतो, की काही गोष्टी घेण्यात कमीपणा नसतो, मागण्यात असतो. हे वाक्य 533 साली सम्राट जस्टिनियनने जारी केलेल्या ‘डायजेस्ट’मध्ये, म्हणजे रोमन कायदेपंडितांच्या मतांच्या संग्रहात आहे. पण ते कुणाबद्दल आहे? कायदा शिकवणाऱ्यांबद्दल. त्यांनी मानधनासाठी दावा लावू नये, कारण कायद्याचं ज्ञान पैशात मोजून त्याचा मान घालवू नये; आणि मानधन तर विद्यार्थ्याने प्रवेश घेतानाच द्यायला हवं होतं. म्हणजे मागू नका हे खरं, पण ते आगाऊच मिळायला हवं, हेही खरं! फॉरवर्डमध्ये नेमका हा तुकडा गळलाय.

‘डायजेस्ट’मधल्या त्याच प्रकरणाची सुरुवात तर आणखी मजेशीर आहे. पगार थकला तर प्रांताच्या सुभेदाराकडे दाद कुणी मागावी, याची यादी उल्पियन देतो. वक्तृत्व शिकवणारे, व्याकरण शिकवणारे आणि भूमिती शिकवणारे. हो, भूमिती! पुढे वैद्य येतात, सुइणीही येतात. मंत्र टाकून भुतं उतरवणाऱ्यांना तेवढं वगळलंय. तत्त्वज्ञांनाही वगळलंय, त्यांनी पैशाचा तिटकारा करावा अशी अपेक्षा होती.

आज शब्दकोशात ऑनरेरियमचा अर्थ साधारण असा दिलेला असतो: ज्या कामाची किंमत ठरवणं रीतीला धरून नाही, त्याबद्दल दिलेले पैसे. भाषणासारखी कामं यात येतात. घासाघीस करू नये, इतपत अर्थ त्यातून निघतो. ‘किती देणार’ हे विचारणं म्हणजे घासाघीस नव्हे. तीन दिवस खडू घेऊन उभं राहणाऱ्या बाईला निदान आकडा तरी कळायला हवा.

तेव्हा मावशी, ते पुसलेलं ‘म्हणजे किती?’ परत लिही. आणि पुढे ‘कधी?’ हेही जोड.