विकतचा खेकडा

मालवणात खेकडे विकत आणणारे पुष्कळ आहेत. पण आणलेला खेकडा काचेच्या टाकीत सोडून, रात्री साडेअकराला त्याच्यापुढे लाल बॅटरी धरून बसणारा बहुधा मी एकटाच.

आईचा या छंदावर पहिल्यापासून राग. २०० लिटरच्या टाकीसाठी लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे सात किलो खास मीठ मी आरओच्या पाण्यात ढवळत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मेल्या, दर्यो परसामागे आसा आणि तू घरात मीठ कित्याक कालवतंस?" किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी मिसळतं, असं मी समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि शेजारणीला सांगितलं की झिलाक ऊन बाधलां.

टाकीत दगडी पोवळी नाहीत. ती १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेली. किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून बघावी आणि परत यावं. माझ्याकडे मऊ जातीची आहेत, मुख्यतः झोआ, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या फुलांची गादी. या गादीच्या कडेला शिमग्याच्या सुमारास हिरवे काचमणी उगवले. हे शेवाळच, आणि गंमत म्हणजे प्रत्येक मणी ही एकच पेशी. नखाने फोडावा तर आतली बीजं पसरून आणखी दहा होतात, असं जाणकार सांगतात. घरात रक्तबीज!

यावर उतारा म्हणजे एमराल्ड क्रॅब. कॅरिबियन समुद्राकडचा, पाचूच्या रंगाचा, केसाळ पायांचा. हे मणी तो आवडीने खातो. "पोवळ्यांना धोका नाही ना?" मी दुकानदाराला विचारलं.

"तसा नाही," तो म्हणाला.

या 'तसा'त काय काय मावतं ते आपल्याला सांगायला नको. स्थळ बघताना 'मुलगा तसा पीत नाही' म्हणतात, त्यातलाच हा. तरी मी त्याचे डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, नीट पाहून घेतले. टोकं चमच्यासारखी बोथट असली तर शेवाळ खरवडणारा, काळी आणि अणकुचीदार असली तर फाडून खाणारा. याची चमच्यासारखी होती.

घरी आल्यावर आईने पिशवी उजेडात धरली. "कुर्ली इकत हाडलंस? आणि खावची नाय? हिच्यात खावचा काय आसा म्हणा!" पाच रुपयांच्या नाण्याएवढं ते ध्यान.

पंधरा दिवसांत त्याने मणी साफ केले. मी खूश. मग एका सकाळी झोआ मिटलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशीही मिटलेल्याच. हे प्राणी रात्री हिंडतात आणि लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन लावून मी दबा धरला. साडेअकराला साहेब कपारीतून तिरके निघाले आणि थेट गादीवर जाऊन बसले. डावा डेंगा फुलांच्या मधे, मग तोंडात. उजवा मधे, मग तोंडात. वाटीतले पोहे बोटांनी खावेत तसं. आता तो फुलं खात होता की फुलांमध्ये अडकलेलं उरलंसुरलं, हे काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. नुसत्या संशयावर फाशी कशी द्यायची? मी नाक काचेला लावून बसलो होतो. मागून बायको म्हणाली, "अहो, उद्या तुम्हाला ऑफिस आहे. त्याला नाही."

चार दिवसांनी तो वाळूत उताणा पडलेला दिसला. मी हळहळलो, चिमट्याने उचलला, तर आत काहीच नाही. नुसती कात! साहेब दगडामागे नव्या कवचात, मूळच्यापेक्षा थोराड. आई म्हणाली, "बघ, अमावाशेक कुर्ल्यो भरलेल्यो आसतत, आणि हो पोकळ कवच टाकून पळालो."

निदान साधं होतं. मणी संपले आणि तो उपाशी राहिला. भुकेला खेकडा शेवाळ, फूल, झोपलेला मासा, काहीच बघत नाही. त्याचं पोट भरलेलं ठेवायचं. मग आईनेच, कोलंबी सोलताना, एक तुकडा बाजूला काढायला सुरुवात केली. "तुझ्या कुर्लेक," असं म्हणते, पण लांब चिमट्याने तीच भरवते, आणि तोही आता दिवसाउजेडी, तिचं पाऊल वाजलं की बाहेर येतो. माझ्या पावलाला येत नाही.

झोआ उमलल्या. घरात शांतता नांदली. कोलंबीचा तुकडा मात्र आईच्या हाताने जरा मोठाच पडतो. उरलेलं पाण्यात कुजतं, त्यातून फॉस्फेट वाढतं आणि फॉस्फेटवर काय पोसतं ते मला तोंडपाठ आहे. काल बघितलं तर गादीच्या कडेला तीन हिरवे मणी. खेकडा त्यांच्याच शेजारी बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही डेंग्यांत कोलंबी धरून.