मालकाचं उत्तर: रूल बंद पडला नव्हता, रन संपले होते

नमस्कार सर,

तुमच्या सर्व्हिस टीमला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगिरी. एक स्टार दिलात, गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे. पण "ह्यांनी लावलेलं ऑटोमेशन दोन दिवसांत बंद पडलं, त्याआधी सगळी तिकिटं हायेस्ट करून ठेवली, पैसे मात्र पूर्ण घेतले" हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतंय.

काम काय ठरलं होतं? जिरामध्ये, म्हणजे तक्रारींची तिकिटं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन तक्रार आली आणि 'मशीनची स्थिती' ह्या फील्डमध्ये 'बंद', 'वॉरंटी'मध्ये 'हो' असेल, तरच प्रायॉरिटी हायेस्ट व्हावी आणि तिकीट सीनियर इंजिनिअरच्या नावावर जावं. बाकी तिकिटांना हात लागू नये. ऑटोमेशनचा रूल, म्हणजे हे काम आपोआप करणारा नियम, तसाच लावला. महापेच्या तुमच्या ऑफिसात, तुमच्याच माणसांसमोर टेस्ट तिकिटं टाकून चालवून दाखवला. चालू मशीनचं एक तिकीट मुद्दाम टाकलं, ते मीडियमवरच राहिलं, तुमच्या मॅडम "बरोबर आहे" म्हणाल्या, मगच उरलेलं पेमेंट घेतलं.

तुमचा फोन आल्यावर आम्ही आधी त्या रूलचा ऑडिट लॉग उघडला. रूलमध्ये कोणी कधी बदल केला ते तिथे नावानिशी दिसतं. नाव इथे लिहीत नाही, स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे. आम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तुमच्या लॉगिनवरून ट्रिगर बदलला गेला: तिकीट तयार झाल्यावर चालणारा रूल कुठल्याही अपडेटला चालायला लागला. दोन्ही कंडिशन काढल्या गेल्या. वर 'प्रायॉरिटी बदलली आहे' अशी कमेंट टाकणारी ॲक्शन जोडली गेली. हेतू वाईट नसणार, जुन्या तिकिटांनाही रूल लागावा असं कोणाला तरी वाटलं असेल. पण मग कोणी ग्राहकाचा पत्ता दुरुस्त केला तरी तिकीट हायेस्ट! कंडिशनच नाही म्हटल्यावर रूलने थांबायचं कुठे?

आता 'बंद पडलं' ह्याबद्दल, कारण खरं लागलं ते हेच. तुम्ही जिराच्या फ्री प्लॅनवर आहात. त्यात महिन्याला 100 रन मिळतात, रूल एकदा चालला की एक रन. रूल कंडिशनपाशी अडला तर तो रन धरला जात नाही, ॲक्शन झाली की धरला जातो. वॉरंटीतलं बंद मशीन तुमच्याकडे दिवसाला दोन-तीन, हा तुम्हीच दिलेला आकडा. त्या हिशोबाने 100 महिनाभर पुरत होते. कंडिशन काढल्यावर प्रत्येक अपडेटला एक रन जायला लागला आणि दोन दिवसांत कोटा उडाला. ही मर्यादा कोटेशनमध्ये लिहिली होती, स्टँडर्ड प्लॅनला 1,700 मिळतात हेही लिहिलं होतं. "सध्या फ्रीवरच राहू दे" असं तुम्ही म्हणालात. काटकसर आम्हालाही कळते हो, वागळे इस्टेटमध्ये तीन माणसांचं ऑफिस आम्ही काही हौस म्हणून चालवत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत ते असं, की त्यानंतर मी स्वतः ठाण्याहून घणसोलीला गाडीने आणि पुढे रिक्षाने आलो, हायेस्ट झालेली तिकिटं हिस्टरी बघून एकेक करून मूळ प्रायॉरिटीवर आणली, आणि जुन्या तिकिटांसाठी वेगळा रूल लावून दिला. तो फक्त 'मशीनची स्थिती' हे फील्ड बदललं तरच चालतो, आणि वॉरंटीची कंडिशन त्यातही आहे. ह्याचे पैसे घेतले नाहीत, मागितलेही नाहीत.

हँडओव्हरच्या वेळी ह्या गोष्टी आणखी नीट समजावून सांगायचं आम्ही बघतोय, एडिटची परवानगी कोणाला असावी तेही त्यात येईल. नवे रन पुढचा महिना लागल्यावर मिळतील, तोवर प्रायॉरिटी हाताने बदलावी लागेल. 1 तारखेला दोन्ही रूल चालतायत का ते मी बघून तुम्हाला फोन करतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, फक्त ऑडिट लॉगमध्ये काय निघालं तेवढी एक ओळ त्यात घाला.