पिशवीचे फोटो पुरे, भिंगाचा टाका!

जुनी दुर्बीण विकायला काढलीय ना? मग भिंगाचा फोटो टाका! चामड्याच्या पिशवीचे चार बाजूंनी चार फोटो, पट्ट्याचा एक, टोपणांचा एक, आणि ज्या काचेतून बघायचंय ती एकाही फोटोत नाही. आठ महिने मी हेच बघतोय. आता डोकं फिरलंय माझं.

मागणं काही अवाजवी नाहीये. ४-५ हजारांत पक्षी बघायला एक बरी दुर्बीण हवी, बस. एवढ्या पैशात नवीन घेतली तर बहुतेक वेळा प्लास्टिकच हातात पडतं. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या दुर्बिणी बघा. पूर्व जर्मनीतल्या येनाच्या ८ बाय ३० (म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं), रशियन ८ बाय ३०, जपानी ७ बाय ३५. धातूचं अंग, दणकट काम. नीट राखलेली मिळाली तर आजच्या स्वस्तातल्या नव्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. म्हणून तर जीव टाकतोय.

फेब्रुवारीत ऑनलाइन एक येनाची मिळाली, ४,२०० रुपयांना. 'एकदम कडक कंडिशन, आजोबांनी जपलेली.' मुलीला घेऊन भिगवणला गेलो. सहावीत आहे, पक्ष्यांची वही ठेवते. नावेत बसलो, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, मी दुर्बीण तिच्या हातात दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, मला सगळे दोन-दोन दिसतायत." पोरीला वाटलं, आपलेच डोळे बिघडले! मी डोळ्याला लावली. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. कधीतरी आपटलेली असणार, आतला प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी काच, सरकलेला. अशा वेळी डोळे दोन चित्रं एकावर एक आणायला झटत राहतात आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. विकणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, ती डोळ्याला लावली असती तरी कळलं असतं. फोन केला तर म्हणतो, "साहेब, जुनी वस्तू आहे, थोडं ॲडजस्ट करून घ्या." काय ॲडजस्ट करू? पोरीचे डोळे?

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या तिघांनी तिला हात लावायलाच नकार दिला. चौथा म्हणाला, खोलतो, २,५०० लागतील, पण जुळेल याची खात्री नाही.

आणि ती बुरशी! आपल्याकडे, त्यातून मुंबई-कोकणात, पावसाळ्याचे चार महिने हवेला ओल. बंद पिशवीत, कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि फार दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते. मग साफ केली तरी डाग तसाच. याला हे लोक 'थोडी धूळ आहे, पुसली की जाईल' म्हणतात. अहो, ती आतल्या बाजूला आहे! सगळं खोलल्याशिवाय तिथे फडकं पोचतच नाही. मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून मारा आणि दुसऱ्या टोकाने बघा, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण करायचं नाही, कारण दिसलं तर भाव पडेल.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी निदान वस्तू हातात घेता येते. मी आभाळाकडे धरून, हात लांब करून बघतो. मागच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो, ८ बाय ३० असेल तर ३० भागिले ८, म्हणजे पावणेचार मिलिमीटरचा. तो गोल हवा, कडा कापलेल्या नकोत. एवढं बघेपर्यंत विकणारा वैतागतो आणि 'अँटिक आहे' म्हणून दुप्पट भाव सांगतो. शेजारी पितळेची दुर्बीण, तिच्यावर कोरलंय 'केल्विन अँड ह्यूज, लंडन १९१७'. या नावाची कंपनी झालीच मुळी १९४७ साली! दुसरीवर 'व्हिक्टोरियन, १९१५'. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच वारली. शोभेची वस्तू म्हणून विका ना, माझं काही म्हणणं नाही. पण 'जहाजावरची अस्सल' म्हणून एखाद्या कॉलेजच्या पोराचे साठवलेले पैसे काढून घेता, त्याचा संताप येतो.

ऑनलाइन तर त्याहून वाईट. जुन्या दुर्बिणी शोधल्या की मधेच '२० ते १८० बाय १००' असलं काहीतरी येतं. १०० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एकेक भिंग १० सेंटिमीटरचं, आणि फोटोत ती वस्तू एका मुठीत मावतेय. धडधडीत खोटं!

काल आणखी एकाला विचारलं. टॉर्च लावून एक फोटो आणि उजेडाच्या ठिपक्यांचा एक, दोनच मागितले. उत्तर आलं, "फोटो-बिटो नाही, घ्यायची तर घ्या, गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत."

बुरशी असेल तर 'बुरशी आहे' असं लिहा. दोन-दोन दिसत असेल तर तसं लिहा आणि हजार रुपये सांगा. तीही कोणीतरी घेईल, सुट्या भागांसाठी घेईल, खोलून शिकायला घेईल. मी स्वतः घेईन. पण मला आधी कळू द्या. थंडी आली की पोरगी पुन्हा भिगवणला चला म्हणणार आहे, आणि माझ्याकडे अजून तीच दुर्बीण आहे.