बंदूक माझ्याकडेही आहे, तरी हा निरोप पुढे पाठवू नका

मागच्या आठवड्यात आमच्या पलीकडच्या अपार्टमेंटमधल्या एका मुलाचा फोन आला. मूळचा पुण्याचा, तिशीच्या आतला, अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, नुकतंच लग्न झालेलं. मला दादा म्हणतो. "दादा, तुझ्या नावावर एक पिस्तूल घेऊन देशील का? पैसे मी लगेच पाठवतो." एकदम कशाला, असं विचारल्यावर त्याने मला तो निरोप पाठवला. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत तो एव्हाना पोचला असेल.

निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेत यादवी अटळ आहे. वीज गेली की तिसऱ्या दिवशी लुटारू दारात येतील. पोलीस तुम्हाला वाचवायला बांधील नाहीत. १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीत कोरियन दुकानदारांनी छतावर चढून आपली वस्ती वाचवली, स्वित्झर्लंडमध्ये तर घरोघरी रायफल असते. दरवर्षी २५ लाख अमेरिकन बंदुकीच्या जोरावर स्वतःचा बचाव करतात. अतिरेकी गट शस्त्रं जमवत आहेत, म्हणून प्रत्येक मराठी कुटुंबाने आजच एक एआर-१५ रायफल आणि हजार गोळ्या घ्याव्यात.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला राहतो. २०२० साली घेतलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल माझ्याकडे आहे. गॅरेजमध्ये पाण्याचे कॅन, डाळ-तांदूळ, बॅटरीवरचा रेडिओ असतो. बायको त्याला माझी कोठीची खोली म्हणते. तेव्हा मी बंदूकद्वेष्टा आहे म्हणून हे लिहितोय, असं कुणी समजू नये.

आधी सगळ्यात तातडीचं. "प्रत्येक मराठी कुटुंबाने" हे शब्द लिहिणाऱ्याला इथला कायदा ठाऊक नाही. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर इथे आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांची झाली आहे. वर इथलं राहणंच संपू शकतं, ते वेगळं. आणि "तुझ्या नावावर घेऊन दे" यालाही स्वतंत्र कलम आहे. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि खरा खरेदीदार तुम्हीच का, हा प्रश्न त्यात असतो. मी त्या मुलासाठी 'होय' अशी खूण केली असती, तर दोघंही गुन्हेगार झालो असतो. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही मनाई नाही. पण आपल्या ओळखीतले निम्मे लोक आजही व्हिसावर आहेत, आणि त्यांच्या हातात हा निरोप म्हणजे भारताच्या परतीचं तिकीट आहे, तेही आधी तुरुंगाची वाट दाखवून.

आता वीज गेल्यानंतरच्या लुटारूंचं बघू. ही वेळ आम्ही भोगली आहे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमधल्या ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. आमच्याकडे घरात तापमान शून्याच्या जवळ आलं होतं, नळ कोरडे पडले होते, संडासात टाकायला बादलीत बर्फ वितळवत होतो. राज्य सरकारच्या अहवालात या वादळाचे २४६ बळी नोंदले आहेत. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक थंडीने गेले, १९ जण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने. लोकांनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवली, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, आणि झोपेतच संपले. त्या आठवड्यात माणसं ज्याने मेली त्यावर बंदुकीची गोळी चालत नाही.

दुसऱ्या रात्री आमच्या दारावर खरोखरच थाप पडली. शेजारचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या कपाटात डझनभर तरी बंदुका आहेत, शिकारीचे शौकीन. हातात प्रोपेनचा हीटर होता आणि ते विचारत होते, "तुमच्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा जास्तीचा अलार्म आहे का? माझा बंद पडलाय." आमच्याकडे दोन होते. एक त्यांना दिला, त्यांचा हीटर आमच्या बैठकीत आला आणि दोन्ही घरांची मिळून सात माणसं एका खोलीत झोपली. गॅस चालू होता म्हणून मुगाची खिचडी तरी झाली. निरोपाच्या हिशेबाने त्या थापेला मी बंदूक घेऊन सामोरं जायला हवं होतं.

२००५ च्या कतरिना वादळाचा दाखलाही निरोपात आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये लूट झाली, हे खरं. पण त्या दिवसांत जगभर गेलेल्या बऱ्याच भयंकर बातम्या नंतर निराधार ठरल्या. अफवांनी पेटलेल्या अल्जियर्स पॉइंट भागात काही गोऱ्या रहिवाशांनी रस्ते अडवले आणि तिथून चाललेल्या काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एकाला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. हातात बंदूक, कानात अफवा आणि समोर वेगळ्या रंगाचा माणूस, असं ते होतं. पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाणारा वेगळ्या रंगाचा माणूस आपल्यातलाच असू शकतो. एक गोष्ट मात्र निरोपात बरोबर आहे : तेव्हा पोलिसांनी कायदेशीर बंदुकाही जप्त केल्या होत्या, ते चुकीचं होतं, आणि २००६ मध्ये अमेरिकी संसदेने त्याविरुद्ध कायदा केला.

छतावरच्या कोरियन दुकानदारांची गोष्ट मला फार लागते, कारण ती अर्धीच सांगितली जाते. पोलिसांनी कोरियाटाउन वाऱ्यावर सोडलं होतं आणि त्या लोकांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण ३० एप्रिल १९९२ च्या रात्री १८ वर्षांचा एडवर्ड ली मित्रांबरोबर दुकानं राखायला बाहेर पडला आणि गोळी लागून मेला. ती गोळी दंगलखोरांची नव्हती. छतावर पहारा देणाऱ्या आपल्याच लोकांनी अंधारात त्यांना लुटारू समजून गोळीबार केला होता. आणि एवढं करूनही कोरियन मालकीच्या दोन हजारांवर दुकानांचं नुकसान झालंच. त्या पोराच्या आईला विचारा, छतावरच्या बंदुकांनी काय वाचवलं.

अंधारात आपलाच माणूस परका दिसतो, हे मला माझ्या घरात कळलं. २०२२ च्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. तिसरी रात्र, पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. मागच्या बाजूने आवाज आला. मी कुलूपबंद डबीचा आकडा दाबून पिस्तूल काढलं आणि पॅसेजमध्ये आलो. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. काचेच्या दाराशी एक आकृती होती. मी इंग्रजीत ओरडलो, "कोण आहे?" उत्तर नाही. आकृती वळली, हातात काहीतरी चकाकलं. मग आवाज आला, "अरे, साखर कुठं ठेवलीय?"

चहाचं पातेलं होतं. बाबांनी कानाचं मशीन काढून ठेवलं होतं आणि जेटलॅगने झोप उडाली होती. नेमबाजीच्या रेंजवर शिकवल्याप्रमाणे माझं बोट ट्रिगरबाहेर होतं, म्हणून आज मी हे लिहू शकतो. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडलो. भारतातून आलेले आईबाबा पहाटे उठून चहा ठेवतात, हे आपल्यातल्या कुठल्या घरात होत नाही? १९९२ मध्येच लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी योशिहिरो हातोरी पार्टीला जाताना चुकीच्या दारात गेला. घरमालक "फ्रीझ" म्हणाला, ते त्याला कळलं नाही, आणि घरमालकाच्या गोळीने तो गेला. घरमालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला.

२५ लाखांचा आकडा १९९३ मधल्या सुमारे पाच हजार लोकांच्या फोनवरच्या पाहणीतून, गुणाकार करून आलेला आहे. सरकारच्या गुन्हेपीडित पाहणीत हाच आकडा वर्षाला एक लाखाच्या आत येतो. उलट बाजू मोजलेली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासात पिस्तूलधारक पुरुषांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या आठपट आढळलं, स्त्रियांचं ३५ पट. आपल्याकडे नोकरी जाते, नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा असं साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं, माणूस कुणाला सांगत नाही. कॉलेजातलं पोर नैराश्यात असतं आणि आपण त्याला "मन लावून अभ्यास कर" एवढंच म्हणतो. अशा घरात उघडी बंदूक ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याने हे आकडे आधी वाचायला हवे होते.

एआर-१५ बद्दल फार बोलत नाही. 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल हे निरोपातलं स्पष्टीकरणच चूक आहे, ते आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आलं आहे. रायफल म्हणून ती उत्तम आहे, मी रेंजवर चालवली आहे. पण दोन बेडरूमच्या घरात, मुलं खेळतात तिथे, ती कुलूपबंद कुठे ठेवणार? मी पिस्तूल निवडलं ते एवढ्याचसाठी की ते पलंगाला साखळीने बांधलेल्या छोट्या पोलादी डबीत मावतं. टेक्सासमध्ये मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हाही गुन्हा आहे. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक रायफल घरी ठेवतात, पण घरी दिलेल्या सीलबंद गोळ्या परत घ्यायचं सरकारने २००७ मध्ये ठरवलं, हे निरोपात नाही.

राहिले अतिरेकी. ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका वर्णद्वेष्ट्याने सहा जणांना मारलं, सातवे २०२० मध्ये त्या जखमांनी गेले. त्याचं पिस्तूल कायदेशीररीत्या विकत घेतलेलं होतं. २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथा इथे श्रीनिवास कुचिभोटला यांना "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत गोळ्या घातल्या. ते एच-वन-बीवर होते. हल्लेखोराच्या मागे धावला तो इयान ग्रिलॉट, निःशस्त्र, आणि त्याने छातीवर गोळी झेलली.

पण या निरोपाची भाषा कुणाची आहे, ते बघा. "यादवी अटळ आहे, शस्त्रं जमवा, सरकार येणार नाही" ही वाक्यं आपल्या माणसाने लिहिलेली नाहीत, त्याने फक्त त्यांचं मराठी केलं आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ओथ कीपर्स या सशस्त्र अतिउजव्या संघटनेच्या प्रचारातही आपत्तीची तयारी होतीच. त्याच संघटनेने संसद भवनावर हल्ला झाला त्या ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनशेजारच्या हॉटेलात बंदुका साठवल्या होत्या. तिच्या नेत्याला राजद्रोही कटाबद्दल १८ वर्षांची शिक्षा झाली, ती २०२५ मध्ये कमी करून त्याला सोडण्यात आलं. पाणी-डाळ साठवणाऱ्या साध्या माणसांच्या गटांत हे लोक शिरतात, म्हणून आमच्यासारखे तयारीवाले अस्वस्थ आहेत. ज्यांच्यापासून वाचायचं, त्यांचीच पत्रकं आपण आईवडिलांना फॉरवर्ड करत आहोत.

पोलीस वाचवायला बांधील नाहीत, हे मात्र खरं आहे. २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तेच म्हटलं. म्हणूनच शेजारी लागतात. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने १९८५ मध्ये सीईआरटी नावाचं प्रशिक्षण सुरू केलं, ते आता देशभर मिळतं. आग विझवणं, रक्त थांबवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं शिकवतात, आणि त्यासाठी व्हिसा कुठला ते आड येत नाही.

रविवारी तो मुलगा आणि त्याची बायको आमच्याकडे आले. त्यांच्या फ्लॅटमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मच नव्हता, तो आणला. माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने आठवड्याचं पाणी, चौदा गॅलन, त्यांच्या पलंगाखाली लावलं. निघताना तो दारात थांबला. "दादा, पण खरंच कुणी घुसलं तर?"

आतल्या खोलीचं दार लावून घे, ९११ लाव, मग मला, असं मी म्हणालो. आणि आमच्या घराची दुसरी किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली.