आजीच्या गुडघ्यावर अ‍ॅडमिशन मिळत नाही

जून जवळ आला की कोल्हापुरातल्या फिजिओथेरपीच्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. परदेशी अर्जासाठी ‘हमखास एसओपी’ची, म्हणजे ‘मला हेच का शिकायचंय’ सांगणाऱ्या निबंधाची, कृतीच असते त्यात. सुरुवात स्वतःच्या दुखापतीने किंवा आजीच्या गुडघ्याने करा, इंग्रजी भारी वापरा, ऑब्झर्व्हेशनचे, म्हणजे फिजिओचं काम बघण्यात घालवलेले तास ठासून सांगा, एकच एसओपी सगळीकडे टाका. वेळ नसेल तर नमुना घेऊन नावं बदला, वाचतंय कोण! माझ्याकडे मसुदे घेऊन येणारी मुलं हे प्रमाण मानूनच आलेली असतात. त्यांना तरी काय बोलणार? आपल्याकडे बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. ‘तुला हेच का शिकायचंय’ असं कागदावर कुणी विचारलेलंच नसतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. वाचतंय कोण? आधी मशीन वाचतं. ब्रिटनमध्ये विद्यापीठांसाठी अर्ज घेणाऱ्या यूकॅस या संस्थेने २००७ मध्ये अर्जांतले मजकूर एकमेकांशी ताडून पाहिले, तर आठव्या वर्षी पायजम्याला जाळून भोक पाडल्याचा एकच किस्सा २३४ जणांनी लिहिलेला निघाला. २३४ पायजमे! अमेरिकेत फिजिओच्या प्रवेशाचे अर्ज जिथं भरतात त्या पीटीकॅसवर तर मजकूर माझाच आहे, असं लिहूनच द्यावं लागतं.

एकच एसओपी सगळीकडे बसतही नाही. पीटीकॅसच्या निबंधाला मोकळ्या जागा धरून ४,५०० अक्षरांची मर्यादा. यूकॅसने २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद करून तीन प्रश्न आणले: मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५०. पेस्ट कुठं करणार?

तासांचं म्हणाल तर ते भरायला पीटीकॅसवर वेगळा रकाना आहे. निबंधात तेच पुन्हा लिहून जागा कशाला घालवायची? भारी इंग्रजीबद्दल तर बोलायलाच नको. ‘पॅशन’ आणि ‘होलिस्टिक’ काढून टाकल्यावर मसुद्यात काय उरतं ते बघा.

आता आजीचा गुडघा. कोल्हापुरात त्याच्या जागी तालमीत निखळलेला खांदाही असतो. प्रसंग खोटा नसतो, पण सगळी जागा दुखण्यात आणि रडण्यात जाते आणि फिजिओ शेवटच्या ओळीत देवासारखा प्रकटतो. त्याने केलं काय, ते कुठंच नाही. एका मुलीने मावशीच्या फ्रोजन शोल्डरवर, म्हणजे आखडलेल्या खांद्यावर असंच लिहिलं होतं, ‘वेदनेने तिचं आयुष्य अंधारलं’ वगैरे. तिला विचारलं, फिजिओने पहिल्यांदा काय विचारलं? जरा आठवून म्हणाली, “अंबाडा कोण घालून देतं?” मावशीचं उत्तर, “सून घालत्या.” मग फिजिओने कोपर अंगाला लावायला सांगून हात बाहेरच्या बाजूला वळवून बघितला, तर तो लगेच अडला. फ्रोजन शोल्डरमध्ये सगळ्यात जास्त मार याच हालचालीला बसतो आणि अंबाड्यापर्यंत हात न्यायला नेमकी तीच लागते. पुढं घरी दोन्ही हातांत काठी धरून, बऱ्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा व्यायाम दिला. हे सगळं मुलीने डोळ्यांनी पाहिलं होतं, लिहिलं मात्र नव्हतं! एवढ्या चार ओळी आल्या असत्या तर मुलगी बघायला शिकलीय, हे वाचणाऱ्याला कळलं असतं.

आपल्या गावात असलं साहित्य पोत्याने आहे. लचक भरली की माणूस आधी वस्तादाकडे जातो, तेल लावून चोळून घेतो, मग आपल्याकडे येतो. दुखायचं थांबलं की यायचाही थांबतो. ताकद आलेली नसतेच. अशा पैलवानाला आणखी काही आठवडे कसं टिकवून धरायचं, वस्तादाचा मान राखून ‘आता चोळू नका’ कसं सांगायचं, हे पाहिलेल्या मुलाने तेच लिहावं. ते कुठल्या नमुन्यात सापडणार नाही.

त्या मेसेजमध्ये मसुदा इंग्रजीच्या सरांना दाखवा असंही म्हटलंय. दाखवा की, व्याकरण सुधारेल. पण फिजिओशी संबंध नसलेल्या एखाद्याला द्या आणि विचारा, यातल्या पेशंटवर नेमके काय उपचार झाले? सांगता आलं नाही तर तो परिच्छेद परत लिहायला घ्या.