बॉडीचं लाकूड की नेक? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे दोन ओळींत बोळवण करत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरी बेस गिटार (खर्जाचे सूर देणारी इलेक्ट्रिक गिटार) बनवण्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की बॉडीला, म्हणजे तिच्या धडाला, कुठलंही नीट सुकलेलं लाकूड चालेल, तीन तुकडे जोडलेलं असलं तरी हरकत नाही. तुमच्या मते ही वाद्याची चेष्टा आहे: तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर जीव टाकतात आणि मी इथे उरलेले तुकडे चिकटवायला सांगतोय. दुसरा आक्षेप असा की, फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा हातकरवतीने पाडल्या तर वाद्य कधीच सुरात बोलणार नाही. आणि तिसरा, नेकचं, म्हणजे त्या दांड्याचं, एवढं स्तोम माजवण्यापेक्षा लोकांनी सरळ तयार नेक आणावा. शेवटी एक प्रश्नही आहे, त्याकडे येतोच.

आधी तंबोरा. तंबोऱ्यात तारेची कंपनं घोडीतून तबलीत उतरतात आणि तबली नि भोपळ्यातली हवा मिळून आवाज बाहेर टाकतात. तिथे भोपळ्यावर जीव टाकायलाच हवा. इलेक्ट्रिक बेसमध्ये हे काम पिकअप करतो. एक चुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीजदाब तयार होतो. पिकअपला तार कळते, लाकूड जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे लाकडाचा आवाजावर काही परिणाम व्हायचा, तर तो तारेमार्फतच: तारेची ताकद एखाद्या ठिकाणी शोषून घेऊन.

मग ती कुठून शोषली जाते? तारेचं एक टोक ब्रिजवर (बॉडीवरच्या घोडीवर) आहे, खाली जाडजूड बॉडी, ती ढिम्म हलत नाही. दुसरं टोक नटवर (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर) किंवा तुम्ही दाबलेल्या फ्रेटवर. म्हणजे लांब, सडपातळ नेकवर, जिच्या टोकाला जड खुंट्या लटकवलेल्या आहेत. हलणार ती नेकच. बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकच्या बेसवर 'जी' (G) या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो, हे बहुतेक बेसवादकांना ठाऊक असतं. तो 'डेड स्पॉट'. तिथे तार बेसूर लागलेली नसते, फ्रेटही उंचसखल नसतो. त्या सुराची कंपनसंख्या, समजा पाचव्या फ्रेटवरची सुमारे १३१ हर्ट्झ, नेकच्या स्वतःच्या एखाद्या कंपनाशी जुळते आणि नेक तारेची ऊर्जा गिळते. पडताळा घरबसल्या होतो: हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, एक छोटा क्लॅम्प अडकवा आणि तोच सूर पुन्हा वाजवा. वजन बदललं की डेड स्पॉट सरकतो. बॉडीला तोच क्लॅम्प लावून बघा, कान टवकारूनही फरक शोधावा लागेल.

म्हणून लेखात नेकवर पानंच्या पानं आणि बॉडीवर चार ओळी. नेकसाठी मात्र मी लाकडाच्या बाबतीत तुमच्यापेक्षाही कर्मठ आहे. रेषा सरळ हव्यात, टोकाकडे तिरक्या पळालेल्या नकोत; लाकूड पुरतं मुरलेलं हवं; आणि शक्यतो तीन किंवा पाच पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवलेली नेक हवी, म्हणजे एका पट्टीची वळण्याची ओढ दुसरी अडवते. चार तारांची मिळून ओढ पाऊणशे किलोच्या घरात जाते आणि ती रात्रंदिवस चालू असते. आत दोन्ही बाजूंनी फिरणारा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी धातूची सळी) घाला. तोही वाकडी झालेली नेक सरळ करतो, पीळ पडलेली नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

बॉडीच्या लाकडाने काहीच फरक पडत नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फरक खांद्याला पडतो. तोल हा इथला खरा विषय आहे. बॉडी हलकी घेतली की लोक खूश होतात आणि पट्टा लावून उभे राहिले की हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो. मग अख्खा कार्यक्रम डाव्या हाताने नेक उचलून धरायची. उपाय लाकडाच्या जातीत नाही, आकृतीत आहे: बॉडीच्या वरच्या शिंगाचं टोक बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे न्या, पट्ट्याची खुंटी तिथे लावा, तारा पिळायच्या खुंट्या हलक्या वापरा. पुठ्ठ्यावर पूर्ण मापाची आकृती कापून ती अंगाला लावून बघितल्याशिवाय करवत हातात घेऊ नये.

आवाज घडवायचा असेल तर लाकडापेक्षा पिकअपची जागा बघा. फेंडर कंपनीचा जॅझ बेस १९६० साली आला; सत्तरच्या दशकात त्याचा ब्रिजकडचा पिकअप जेमतेम सेंटिमीटरभर मागे, ब्रिजकडे सरकला आणि आजही लोक त्या दोन आवाजांवरून हमरीतुमरीवर येतात. एका सेंटिमीटरवरून! (२४व्या फ्रेटच्या जागी पिकअप बसवला की 'जादू' होते, हा दावा मात्र सोडून द्या. त्या बिंदूला चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनसंख्येचा उपसूर) गायब होतो हे खरं, पण फक्त मोकळ्या तारेचा. पहिला फ्रेट दाबला की तो बिंदू ब्रिजकडे सरकला.)

आता खाचा. ३४ इंची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. त्याला १७.८१७ने भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, ४८.४७ मिलिमीटर, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, असं पुढे. आखताना मात्र प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजायचा. आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर प्रत्येक वेळची चूक पुढच्याच्या बोडक्यावर बसते. हात किती अचूक लागतो? पहिल्या फ्रेटपाशी अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जेमतेम एक सेंट (लगतच्या दोन फ्रेटमधल्या सुराच्या फरकाचा शंभरावा भाग). बाराव्यापाशी पाव मिलिमीटरला एक सेंट, विसाव्यापाशी साधारण ०.१६ मिलिमीटरला. बोट जरा जोरात दाबलं तरी सूर याहून जास्त चढतो. तीक्ष्ण सुरीने रेघ कोरून, गुण्या लावून कापलेली खाच या हिशेबात आरामात बसते. कारखान्यातलं यंत्र जास्त नेमकं कापतं हे मान्य, पण तो नेमकेपणा कानाच्या पलीकडचा आहे.

हातकामाची परीक्षा दुसरीकडे होते. फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती नेकवरची फळी) सपाट आहे का, सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत आहेत का. एखादा फ्रेट ०.१ मिलिमीटर वर राहिला की तार झरझरते, आणि मग लोक तारा उंच करून वाद्य वाजवायला जड करून ठेवतात. तसंच ब्रिजची जागा. नेक बसवल्यावर नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही काठांपासून सारखं अंतर दिसलं की मगच भोकं पाडा. 'जी' तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो पुढेमागे सरकणारा तुकडा) पुरतं पुढे घेऊन ८६३.६वर धरायचं, जाड तारांची सॅडल सूर जुळवताना मागेच जातात, त्यांना तेवढी वाट हवी.

तयार नेक आणण्याबद्दल: आणा की, कोण नाही म्हणतंय. पण मग स्वतः बनवलेल्या बेसचा अर्थच बराचसा संपतो. प्रिसिजनच्या (फेंडरच्याच दुसऱ्या बेसच्या) धाटणीची नेक नटपाशी ४१ ते ४४ मिलिमीटर रुंद असते, जॅझच्या धाटणीची ३८. हात लहान असेल तर ३० इंची स्केल करता येतं. पहिल्या फ्रेटचं अंतर ४२.८ मिलिमीटरवर येतं आणि त्याच तारांची ओढ जवळपास २२ टक्क्यांनी कमी होते. तुमच्या पंजाच्या मापाची, तुमच्या अंगठ्याला सुखाची पाठ असलेली नेक दुकानात टांगलेली मिळेलच असं नाही. बॉडी कुठलीही चालते, नेक कुठलीही चालत नाही, एवढंच तर मी लेखात म्हणत होतो.

राहिला तुमचा प्रश्न, पहिलाच बेस पाच तारांचा करावा का. मी नको म्हणेन. सर्वांत खर्जातली पाचवी 'बी' तार ३०.९ हर्ट्झवर बोलते, मोकळ्या ई तारेच्या ४१.२पेक्षा बरीच खाली, आणि नेक लवचीक असेल तर ती सर्वांत आधी गुळमुळीत वाजते. शिवाय रुंद नेक सपाट करणं नवख्या हाताला अवघड जातं. तरीही करायचाच असेल तर ३५ इंची स्केल घ्या, पाच पट्ट्यांची नेक करा आणि ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या सळ्या बसवा. त्यांच्या खाचा फ्रेटबोर्ड चिकटवण्याआधीच राउटरने (लाकडात खोबण कोरणाऱ्या यंत्राने) काढून घ्याव्या लागतील.