चिदंबरमला चुकलो, भिंतींबद्दल मात्र थोडं ऐका

नमस्कार ताई,

आमच्या पुदुच्चेरी सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत. चिदंबरमला दर्शन झालं नाही, फ्रेंच भागात नुसत्या भिंती दाखवल्या आणि समुद्रावर सूर्यास्तसुद्धा दिसला नाही, असं लिहिलंत.

चिदंबरमचं आधी बोलतो. मंदिर दुपारी बाराच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. तरी आंघोळी-नाश्ता उरकून बस हलली साडेनऊला, वाटेत चहाला थांबली आणि तुम्ही पोचलात तेव्हा दार लागलेलं. रात्रीची रेल्वे विल्लुपुरमहून, त्यामुळे थांबताही येईना. पंचमहाभूतांतलं आकाश जिथे पुजतात, त्या नटराजाच्या दारातून माणसं माघारी आणली, हे मलाच लागलं आहे. वर आमच्या मॅनेजरने "इकडे असंच असतं" म्हणून हात झटकले, तेही चूक. त्या दिवसाचे पैसे सगळ्या ग्रुपला परत करतोय. यापुढे बस सहाला निघेल, नाश्ता पाकिटात.

भिंतींचं म्हणाल तर फ्रेंच घरांची ठेवणच तशी. रस्त्याकडे उंच पिवळी भिंत नि कमानीचं फाटक, अंगण-व्हरांडा सगळं आत. बरीच घरं खासगी किंवा अरविंद आश्रमाची, तिथे चाळीस माणसं कशी घुसवणार? कालव्यापलीकडे तमिळ भागात नेमकं उलटं. तिथे दारापुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटाच, वर लाकडी खांबांवर उतरतं कौलारू छप्पर. हे दोन्ही शेजारी-शेजारी दाखवलं असतं तर भिंती कंटाळवाण्या वाटल्या नसत्या; गाइडने ते केलं नाही, त्याला सांगितलं आहे. रस्ते इतके सरळ कसे, असं तुमच्यातल्या एका काकांनी विचारलं होतं म्हणे. ती आखणी डचांची, १६९३ ते १६९९ शहर त्यांच्याकडे होतं. घरं मात्र नंतरची, कारण १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर पाडून टाकलं होतं.

आणि सूर्यास्त! ताई, हा पूर्व किनारा. गणपतीपुळ्याची सवय असली की गफलत होते. इथे सूर्य समुद्रातून उगवतो. पहाटे साडेपाचला बीच रोडवर चला, असं आदल्या रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. चौघंच आले. त्यात तुमचे यजमान होते, त्यांच्या फोनमध्ये फोटो असतील.